बेताने फुटणारा क्षार

सोडियमच्या बॅटऱ्यांचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी समुद्राचं नाव घेतंच. समुद्रात मीठ अमाप, म्हणून सोडियम अमाप, म्हणून बॅटरी स्वस्त. हिशेब कानाला गोड लागतो आणि बराचसा खराही आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम असतं. लिथियम एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नसतं. २०२१ च्या जुलैत सीएटीएल या चिनी कंपनीने किलोमागे १६० वॉट-तास साठवणारा सोडियम-आयन सेल जाहीर केला, तेव्हापासून तर हे समुद्राचं उदाहरण पाठच झालं आहे सगळ्यांना.

मात्र त्या बॅटरीत जे मीठ विरघळवलेलं असतं ते समुद्राचं नसतं. ती एक पांढरी पूड असते, दिसायला मिठासारखीच, स्वभावाने पार निराळी. नाव सोडियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. नाव लांबलचक असलं तरी घाबरायचं कारण नाही. हेक्झा म्हणजे सहा. एका फॉस्फरसभोवती सहा फ्लुओरीन. शेवटचं ‘फॉस्फेट’ तेवढं फसवं आहे. फॉस्फेट म्हटलं की ऑक्सिजन आलाच असं आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि इथे ऑक्सिजनचा एक अणूही नाही. कार्बनही नाही, म्हणून हा असेंद्रिय क्षार. सहा फ्लुओरीनवाल्या त्या ऋण आयनाला प्रयोगशाळेत सगळे ‘पीएफ-सिक्स’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

या क्षाराचं काम काय, ते आधी पाहू. सेलला दोन बाजू असतात, धन आणि ऋण, आणि दोन्हींत सोडियमला शिरून बसायला जागा असते. चार्जिंगच्या वेळी सोडियमचे आयन धन बाजूतून सुटून ऋण बाजूत जातात, बॅटरी वापरताना परत येतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून फिरतात आणि आपली कामं करतात ते तेच. आयनांची वाट आतून, दोन बाजूंच्या मधल्या द्रवातून. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. आता नुसत्या द्रवातून भार वाहत नाही, त्यात आधीपासून आयन असावे लागतात. गोट्यांनी गच्च भरलेली नळी डोळ्यांसमोर आणा. या टोकाला एक गोटी ढकलली की त्या टोकाला लगेच एक बाहेर पडते. तीच नव्हे, दुसरीच. नळी रिकामी असती तर ढकललेली गोटी आत कुठेतरी अडकून पडली असती. क्षाराचं काम ही नळी सतत भरलेली ठेवायचं. म्हणजे हिशेबाने तो खर्च व्हायलाच नको. प्रत्यक्षात थोडासा होतो, आणि माझ्या मते या क्षाराची सगळी गंमत त्या ‘थोडासा’मध्येच आहे.

मग मिठाचं पाणीच का नको? वीज वाहून न्यायला ते उत्तमच. पण पाण्याचा रेणू तत्त्वतः १.२३ व्होल्टला फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होऊ लागतात, आणि सोडियम-आयन सेल चालतो तीन व्होल्टच्या आसपास. पाणी बाद. त्याऐवजी कार्बोनेट जातीची सेंद्रिय द्रावकं घेतात, तीही मिसळून, कारण एकट्याने निभावणारं त्यांत कुणी नाही. इथिलीन कार्बोनेट क्षार विरघळवण्यात तरबेज, पण ३६ अंश सेल्सिअसच्या खाली स्वतःच गोठून बसतं. डायइथाइल कार्बोनेट छान पातळ, आयन त्यातून भराभर सरकतील, पण उलट भाराचे आयन एकमेकांपासून लांब ठेवायची ताकद त्याच्यात नाही. एकाची ताकद आणि दुसऱ्याचा पातळपणा, असं लग्न लावावं लागतं.

या मिश्रणात साधं मीठ टाकलं तर ते तळाशी जाऊन स्वस्थ बसतं. क्लोराइडचा आयन लहान, त्याचा ऋणभार एका जागी एकवटलेला, आणि त्याने सोडियमला घट्ट धरलेलं. पाण्याचे रेणू ही पकड सोडवू शकतात, कार्बोनेटना ते झेपत नाही. पीएफ-सिक्समध्ये तेवढाच एक ऋणभार सहा फ्लुओरीनमध्ये वाटला जातो. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडले तर जो आकार होईल तसा हा आयन असतो: मधोमध फॉस्फरस, सहाही टोकांवर एकेक फ्लुओरीन. भार असा पातळ पसरला की सोडियमला धरून ठेवण्याइतका जोर कुठल्याच टोकाला उरत नाही, आणि सोडियम सहज सुटतं. शिवाय फ्लुओरीनकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं महाकठीण. धन बाजूला व्होल्टेज चढतं, तिथेही हा आयन डगमगत नाही. क्लोराइड तिथे टिकलंच नसतं.

लिथियम-आयन बॅटऱ्यांतही हाच पीएफ-सिक्स असतो, फक्त जोडीदार लिथियम. म्हणून पुष्कळांचा समज असतो की लिथियमच्या जागी सोडियम घातलं की झालं, बाकी रसायन तेच. तसं नाही. ऋण आयन तोच असला तरी त्याचं वागणं जोडीदारावर ठरतं.

पीएफ-सिक्सची दुखरी जागा अशी: सहापैकी एक फ्लुओरीन कधीमधी सुटतो आणि धन आयनाला जाऊन चिकटतो. मागे उरतो फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड नावाचा वायू, पाच फ्लुओरीनवाला, अतिशय हावरा. लिथियमचा आयन बारीक आहे, त्रिज्या जेमतेम ०.७६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). त्याचा भार टोकदार, त्यामुळे तो फ्लुओरीनला जोरात ओढतो, आणि लिथियम फ्लुओराइड बनण्यात ऊर्जेचा फायदाही मोठा. सोडियम १.०२ अँगस्ट्रॉमचं, जरा गबाळं. त्याची ओढ कमी. फरक किती पडावा? कोरड्या वातावरणात तापवलं तर लिथियमचा पीएफ-सिक्स १०७ अंशांच्या आसपास फुटू लागतो. सोडियमचा तीनशे अंश ओलांडेपर्यंत तग धरतो.

पण बॅटरीत खरा शत्रू उष्णता नव्हे, ओल. त्या हावऱ्या वायूला पाण्याचा एक रेणू भेटला की हायड्रोजन फ्लुओराइडचे दोन रेणू तयार होतात. पाण्यात मिसळल्यावर ज्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल म्हणतात, काच खाणारं, तेच हे. ते धन बाजूच्या धातूच्या ऑक्साइडवर तुटून पडतं, आणि त्या झटापटीतून पुन्हा पाणी सुटतं. ते पाणी परत आणखी क्षार फोडतं. एका थेंबाची उधारी चक्रवाढीने वाढावी तसा हा प्रकार. यात एक विरोधाभासही आहे. भरपूर, शुद्ध, आम्लविरहित पाण्यात सोडियमचा पीएफ-सिक्स बराच काळ शांत पडून राहतो. पाण्याला आम्लाची साथ मिळाली की त्याचा निभाव लागत नाही, आणि सेलच्या आत ही साथ पाणी स्वतःच तयार करून घेतं.

म्हणून या क्षाराशी वागायची रीत वेगळी. तो उघड्या हवेत तोलत नाहीत. आर्गॉन वायूने भरलेली काचेची पेटी असते, तिला भिंतीतून आत गेलेले जाड रबरी हातमोजे. त्यांत हात घालून बाहेरून सगळं काम करायचं. पेटीतल्या वायूत ओल आणि ऑक्सिजन दोन्ही दहा लाखांत एक भागाच्या खाली ठेवतात. त्या हातमोज्यांतून चमचाभर पूड तोलणं म्हणजे हिवाळी हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखं. एक लिटर द्रावणाला १६८ ग्रॅम क्षार घातला की एक मोलार तीव्रता होते (मोलार म्हणजे लिटरमागे किती मोल, आणि मोल हे रसायनशास्त्रातलं कणांच्या संख्येचं ठरलेलं माप), आणि बहुतेक पाककृती याच्या आसपासच असतात. तयार द्रावण काचेच्या बाटलीत फार दिवस ठेवत नाहीत. आम्लाचा अंश काचेतल्या सिलिकाला खातो, आणि त्या खाण्यातूनही पाणी निघतं. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनिअमच्या बाटल्या वापरतात.

अ‍ॅल्युमिनिअमची बाटली ऐकून शंका यायला हवी. जे रसायन काच खातं ते अ‍ॅल्युमिनिअमसारख्या मऊ धातूला कसं सोडतं?

सोडतं, कारण खायला सुरुवात करताच त्याचं तोंड बांधलं जातं. अ‍ॅल्युमिनिअमच्या अंगावर मुळात ऑक्साइडचा एक पातळ थर असतोच. क्षारातून सुटलेला फ्लुओरीन त्या थराशी भिडतो आणि अ‍ॅल्युमिनिअम फ्लुओराइड बनतो. हे अ‍ॅल्युमिनिअम फ्लुओराइड कार्बोनेट द्रावकात विरघळत नाही. जागच्या जागी चिलखतासारखं बसतं, आणि खालचा धातू झाकला जातो. बॅटरीच्या आतही नेमकं हेच घडतं. धन बाजूचा मसाला, म्हणजे सोडियमला जागा देणारा पदार्थ, केसाहून पातळ अशा अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर थापलेला असतो, आणि त्या पत्र्यातून वीज बाहेर येते. चढ्या व्होल्टेजला उघडं अ‍ॅल्युमिनिअम विरघळूनच जायचं. पीएफ-सिक्स थोडासा फुटतो, पत्र्याला चिलखत चढवतो, मग थांबतो.

हे ज्यांनी उलट बाजूने पाहिलंय त्यांना जास्त पटतं. टीएफएसआय नावाचा एक ऋण आयन आहे, त्याचाही सोडियम क्षार मिळतो. कागदावर हा आदर्श: ओलीला भीत नाही, उष्णतेला भीत नाही, विरघळतो मजेत. या क्षाराचं द्रावण घालून सेल काही वेळा चार्ज करा, मग उघडा आणि अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा धुऊन उजेडासमोर धरा. पत्र्याला बारीक बारीक भोकं पडलेली दिसतात, जुन्या पत्र्याच्या छपराला आतून पाहिल्यावर दिसावीत तशी. टीएफएसआय इतका भक्कम की तो फ्लुओरीन सोडतच नाही. अ‍ॅल्युमिनिअमशी त्याचं जे संयुग होतं ते द्रावकात विरघळून निघून जातं, चिलखत काही बनत नाही. सगळ्यांत टिकाऊ क्षार सगळ्यांत चांगला असं साध्या तर्काने वाटतं. इथे तो तर्क पत्र्यासकट विरघळतो.

सोडियमच्या बाबतीत या चिलखताला जास्तच किंमत आहे. लिथियम सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याचा पत्रा लावावा लागतो, कारण कमी व्होल्टेजला लिथियम अ‍ॅल्युमिनिअममध्ये शिरून मिश्रधातू बनवतं आणि पत्र्याचा भुगा करतं. सोडियमला ती खोड नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनिअम चालतं, जे तांब्याहून हलकं आणि स्वस्त. याचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: सोडियम सेल पूर्ण शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करता येतो. लिथियम सेल तसा केला तर ऋण बाजूचं व्होल्टेज चढत जाऊन तांबं द्रावणात विरघळू लागतं आणि सेल कामातून जातो. अ‍ॅल्युमिनिअम, त्यावरच्या थरामुळे, ते सोसतं. शून्यावर आणलेल्या सेलमध्ये सोडण्यासारखी वीजच नसते, त्यामुळे वाहतुकीत धोका बराच कमी.

ऋण बाजूला मात्र सोडियमचं गाडं थोडं अडतं. लिथियम ज्या ग्राफाइटमध्ये आरामात शिरतं त्यात सोडियम नीट शिरत नाही, म्हणून ‘हार्ड कार्बन’ वापरतात, म्हणजे अस्ताव्यस्त रचलेल्या थरांचा, पोकळ्या असलेला कार्बन. २००० साली स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी तो सोडियमसाठी चालतो हे दाखवलं आणि तिथून या विषयात पुन्हा जीव आला. पहिल्या चार्जिंगला या कार्बनच्या पृष्ठभागावर द्रावक आणि क्षार दोघेही थोडे थोडे फुटतात आणि त्यांच्या अवशेषांची एक साय धरते. ही साय सोडियमला आत-बाहेर जाऊ देते, इलेक्ट्रॉनला अडवते, म्हणून पुढचं फुटणं थांबतं. पीएफ-सिक्सकडून तिला सोडियम फ्लुओराइड मिळतं. अडचण एवढीच की सोडियमची साय लिथियमच्या सायीपेक्षा जास्त विरघळते. पाण्याचंच उदाहरण घ्या: शंभर मिलिलिटर पाण्यात सोडियम फ्लुओराइड चार ग्रॅमच्या आसपास विरघळतं, लिथियम फ्लुओराइड ग्रॅमच्या सातव्या हिश्श्याइतकं. बॅटरीत पाणी नाही, पण द्रावकातही कल हाच. सेल नुसता पडून राहिला तरी साय हळूहळू विरते, ती भरून काढायला पुन्हा थोडं सोडियम खर्ची पडतं. म्हणून फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट नावाचं एक द्रव्य शेकड्यात दोन-पाच भाग घालतात. ते बाकीच्यांच्या आधी फुटतं आणि साय घट्ट करतं.

आता त्या समुद्राच्या हिशेबाकडे येऊ. या क्षाराच्या १६८ ग्रॅममध्ये सोडियम २३ ग्रॅम. उरलेले १४५ ग्रॅम पीएफ-सिक्स, आणि त्यातला ११४ ग्रॅम निव्वळ फ्लुओरीन. म्हणजे वजनाने दोन तृतीयांशाहून जास्त फ्लुओरीन असलेल्या पदार्थाला आपण ‘सोडियमचं मीठ’ म्हणतो. त्याची एक कृती अशी: फॉस्फरस पेंटाक्लोराइड, साधं मीठ आणि हायड्रोजन फ्लुओराइडचे सहा रेणू, यातून आपला क्षार मिळतो आणि हायड्रोजन क्लोराइडचे सहा रेणू बाहेर पडतात. या कृतीत समुद्राचं मीठ खरोखर लागतं, १६८ ग्रॅममागे ५८ ग्रॅम. पण त्याच्यासोबत १२० ग्रॅम हायड्रोजन फ्लुओराइड लागतं, जे १९.५ अंशांना उकळतं आणि कातडीवर पडलं तर कधीकधी तासनतास दुखतही नाही, तोवर आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. ते येतं फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावर सल्फ्युरिक आम्ल घालून. खर्च आहे तो इथे: फ्लुओरीन हाताळणाऱ्या यंत्रणेत, कोरडेपणात, शुद्धतेत. लिथियमऐवजी सोडियम घेतल्याने धन बाजूच्या मसाल्यात जी बचत होते तशी क्षारात होत नाही. सोडियम बॅटरी स्वस्त असेल तर ती या क्षारामुळे नव्हे, हा क्षार असूनही.

शुद्धतेचं प्रकरण तर जवळून पाहण्यासारखं आहे. विकत आणलेला क्षार द्रावकात घालून कुपी हलवली की द्रावण पाण्यासारखं नितळ व्हायला हवं. पुष्कळदा ते होत नाही. किंचित दुधाळ राहतं. रात्रभर ठेवलं की बुडाशी पांढरा गाळ बसतो, आणि कुपी तिरकी केली की तो धुरासारखा वर उठतो. नवख्याला वाटतं क्षार अजून विरघळायचा आहे, आणि तो आणखी तासभर ढवळत बसतो. तो गाळ विरघळणार नसतोच. त्यातला बराचसा भाग सोडियम फ्लुओराइड, क्षार बनताना किंवा साठवताना राहून गेलेला. गाळून घेतलं तर द्रावण नितळ होतं, पण मग आपण तोललेले १६८ ग्रॅम खरे १६८ राहिलेच नाहीत. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कारण कधीकधी इतकं साधं असतं. केंब्रिज विद्यापीठातल्या एका गटाने २०२१ साली यावर छान तोडगा मांडला. अमोनियमच्या पीएफ-सिक्सवर थेट सोडियम धातू घालायचा. उपपदार्थ दोनच, अमोनिया आणि हायड्रोजन, दोन्ही वायू, आपले आपण उडून जातात. मागे स्वच्छ क्षार उरतो आणि त्याचं एरवीपेक्षा जास्त तीव्रतेचं द्रावणही करता येतं.

सुरक्षेबद्दल जाहिरातींत जे छापून येतं ते थोडं हातचं राखून वाचावं. सोडियमचा क्षार उष्णतेला जास्त टिकतो हे खरं. पण द्रावकं तीच आहेत, ती पेटतात, आणि सेल पेटला तर पीएफ-सिक्सही फुटून धुरात हायड्रोजन फ्लुओराइड येतं. अशा धुरापासून लांब राहायचं, बॅटरी कुठल्याही धातूची असो.

याला पर्याय बरेच तपासून झाले. सोडियम परक्लोरेट जुन्या शोधनिबंधांत जागोजागी सापडतं. ओलीचा त्रास कमी आणि किंमतही, पण ते स्फोटकांच्या कुळातलं ऑक्सिडीकारक, कारखान्यात टनावारी ठेवायला कुणी धजत नाही. सोडियम टेट्राफ्लुओरोबोरेट सालस आहे, पण भार वाहून नेण्यात कमी पडतं. फ्लुओरीन अजिबात नसलेले बोरॉनचे क्षारही पुढे येत आहेत. एफएसआय हा टीएफएसआयचा धाकटा भाऊ. त्याचं द्रावणही भार चांगला वाहून नेतं, पण त्याच्याही हाती अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा सुरक्षित नाही. पत्रा वाचवायला संशोधक त्या द्रावणात काय घालतात? थोडासा पीएफ-सिक्स.